फोटोखालचे नियम

शाळेच्या शिपायानं माझ्या बायकोचा बोर्ड आणून दुकानाच्या भिंतीला टेकवला, तेव्हा मी एका पाण्याच्या मोटारीत तार भरत होतो.

"सरांनी दिलाय," तो म्हणाला. "बाईंची आठवण म्हणून घरी ठेवा म्हणालेत."

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान शाळेच्या समोरच आहे. मध्ये फक्त रस्ता. श्यामला त्या शाळेत आठवी ते दहावीला मराठी शिकवायची. ती माझ्या मामाची मुलगी. मी सातवीनंतर शाळा सोडली, ती पुढं बी.एड. झाली, तरी मामानं ठरलेलं लग्न मोडलं नाही आणि तिनंही मोडू दिलं नाही. आठ महिन्यांपूर्वी भाकरी थापता थापता तिच्या डोक्यातली शीर तुटली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तव्यावरची जळकी भाकरी मी दुसऱ्या दिवशी उचलली.

बोर्डावर तिच्या वर्गाचे नियम होते. वर्गात गाईड आणायचं नाही. उत्तर चुकलं तर चालेल, दुसऱ्याचं चालणार नाही. कविता कळली नाही तर उभं राहून कळली नाही म्हणायचं, त्याला कमीपणा नाही. घरी बोलता तसं इथं बोला, परीक्षेत कसं लिहायचं ते मी शिकवीन. कुणाच्या बोलण्याला हसायचं नाही. धारा काढून येणाऱ्याला उशीर माफ.

मी पक्कड खाली ठेवली, हात पुसले आणि रस्ता ओलांडला.

मुख्याध्यापक विजयसिंह सर माणूस वाईट नाही. श्यामला गेली तेव्हा स्मशानात शेवटपर्यंत थांबले होते. त्यांनी मला बसवलं, चहा सांगितला आणि एक छापील कागद पुढं सरकवला. मराठीच्या तासाचं नवं धोरण. प्रश्नांची उत्तरं शाळेनं दिलेल्या उत्तरसंचातूनच लिहायची. वर्गात फक्त शुद्ध भाषा. तोंडी परीक्षेचे विषय ठरलेले, भाषण पाठ करून यायचं. तीनदा उशीर झाला की पालकांना बोलावणं. शनिवारच्या सभेत पालकांनी त्यावर सह्या करायच्या होत्या.

"गेल्या वर्षी दहावीला पोरं मराठीत नापास झाली, काका," सर म्हणाले. "मराठीत! लोक हसतात आम्हाला. इंग्रजी शाळेची बस आता आपल्या पेठेत येते. पट कमी झाला तर वर्ग बंद होईल. मग नियम कुणाला लावायचे?"

ते म्हणत होते ते खोटं नव्हतं. नापास झालेल्यांमुळं श्यामलाही दोन दिवस नीट जेवली नव्हती.

"बाईंचा आम्हाला आदरच आहे," सर पुढं म्हणाले. "सभागृहात त्यांचा मोठा फोटो लावतो. मराठीत पहिल्या येणाऱ्याला त्यांच्या नावानं बक्षीस देतो."

"पहिला कसा येणार? तुमचं उत्तर पाठ करून?"

"काका, तसं नव्हे—"

"मग तुमच्या नावानं बक्षीस द्या की. तिचं कशाला?"

"बरं, फोटो तरी द्या."

"फोटो देत न्हाई. बोर्ड लावा."

"ते आता व्हायचं नाही."

चहा आला होता. मी तो तसाच ठेवून उठलो.

तिथून मी सरळ ज्ञानूकडं गेलो. ज्ञानूचं डिजिटल फ्लेक्सचं दुकान आहे आणि तो तालमीचा कार्यकर्ताही आहे. पेठेत कुणाचा वाढदिवस असो, निवड असो, नाहीतर दहावा असो, बोर्ड ज्ञानूचाच.

"काकूंचा श्रद्धांजलीचा करायचाय," मी म्हणालो.

"वर्षश्राद्धाला अजून येळ हाय की, काका."

"असू दे. आत्ता कर."

त्यानं श्यामलाचा फोटो घेतला, कडेला समया टाकल्या. "खाली शोकाकुल कोण कोण घालू? तालीम मंडळ, भिशी मंडळ, समस्त गल्ली?"

"कुणी नको. तिथं हे घाल." मी त्याला नियम सांगितले.

ज्ञानू माझ्याकडं बघतच राहिला. "काका, म्या लग्नाचं केलं, बारशाचं केलं, पाटलाच्या म्हशीच्या वाढदिवसाचंबी केलं. नियम पहिल्यांदाच करतोय."

"म्हशीचं चाललं, मग माझं का चालंना?"

"चालतंय की! मी कुठं न्हाई म्हटलं?"

दुसऱ्या दिवशी शाळेच्या गेटासमोरच्या कोपऱ्यावर बांबू रोवून आम्ही फ्लेक्स चढवला. मला माहीत होतं मी काय करतोय. आमच्याकडं नेत्याचा फ्लेक्स रातोरात फाटेल, पण गेलेल्या माणसाच्या फोटोला कुणी हात लावत नाही. झालंही तसंच. महापालिकेची गाडी आली, तिनं रस्त्यावरचे सगळे फ्लेक्स उतरवले. श्यामलाच्या फ्लेक्सपाशी आल्यावर गाडीवरच्या माणसानं हात जोडले आणि ड्रायव्हरला पुढं घ्यायला सांगितलं. मी दुकानातून बघत होतो. मनातून बरं वाटलं.

त्याच दुपारी विजयसिंह सर दुकानात आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"तुम्ही बाईंच्या आड उभे राहून दगड मारताय," ते म्हणाले. "हिंमत असेल तर फोटो काढा. मग बघू किती दिवस टिकतो तुमचा फ्लेक्स."

"तुम्ही काढून दाखवा."

"मी नाही काढणार. मला गरजही नाही. जरा बघा तिकडं. खालचं वाचतंय का कुणी?"

ते गेले. मी तार भरायला बसलो, पण लक्ष लागेना. रस्त्याकडंच डोळे लावून बसलो. गवळी सायकल थांबवून छातीला हात लावून गेला. भाजीवाल्या बाईनं पाटी डोक्यावर ठेवूनच मान लववली. शाळा सुटली, पोरांनी नमस्कार केले, काही पोरी रडवेल्या झाल्या. पण खालचे नियम कुणी वाचले नाहीत. सगळ्यांची नजर फोटोवर जायची आणि तिथूनच परत फिरायची. सरांनी सभागृहात जे करायचं ठरवलं होतं, ते मी कोपऱ्यावर करून ठेवलं होतं.

आणि दुसरीही गोष्ट होती. रोज सकाळी शटर उचललं की ती समोर दिसायची, समयांच्या मध्ये, हसत. ती हसली की माझं काम अडायचं. तरी तो फोटो उतरवणं म्हणजे तिला परत एकदा घराबाहेर काढल्यासारखं वाटत होतं. शेवटी मी शिडी आणली, वर चढलो, आणि तारा तोडून फ्लेक्स स्वतः खाली घेतला. फोटो कापून घरी नेला.

"आता नुसते नियम," मी ज्ञानूला सांगितलं. "मोठ्या अक्षरात. खाली माझं नाव. बंडू, मोटार रिवाइंडिंगवाला, सातवी पास."

"काका, हे फाडतील बघा."

"फाडू देत की."

ह्या वेळेला लोक थांबले. थांबून वाचायला लागले, आणि वाचून झाल्यावर कोल्हापूरच्या माणसाला गप्प बसवत नाही.

"उशीर माफ? आमच्या येळेला गुरुजी अंगठे धरायला लावत हुते!"

"म्हणून तर तू मोठा कलेक्टर झालास!"

"आन् गाईड न्हाई तर पोरगं पास कसं व्हायचं, पावणं? तुमी येणार काय पेपर लिवायला?"

हे शेवटचं मला उद्देशून होतं. मी म्हणालो, "मी सातवी पास हाय. माझ्याकडनं लिहून घेतलासा तर नापासच हुईल." लोक हसले, पण तो माणूस हसला नाही. त्याला खरंच काळजी होती.

शनिवारी सभा झाली. मी पालक नव्हतो, त्यामुळं आत जायचा मला हक्क नव्हता. मी व्हरांड्यात उभा राहिलो. सरांनी कागद वाटले, निकालाचं सांगितलं. मग वर्षाराणी उभी राहिली. ती गंगावेशीत दूधकट्ट्यावर, गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध विकायला, म्हशी घेऊन उभी असते, तिची राजनंदिनी दहावीत आहे.

"सर, तिकडं कोपऱ्यावर एक लिवलंय, आन् हितं दुसरंच. शाळा कुठली खरी?"

"ही खरी. तो फ्लेक्स शाळेचा नाही."

"माझी पोरगी पाटं उठून धारा काढती, मग शाळंला येती. तीनदा उशीर झाला की मला बोलावणार म्हंता. मी आलो तर म्हशी कोण बघणार? तुमी?"

सभेत हसू फुटलं. सर हसले नाहीत. "ताई, मुलीचं भलं हवंय ना? नापास झाली तर काय कराल?"

"परत बसवीन. पर तिला वर्गात तोंड उघडायची चोरी नको. माझी थोरली श्यामलाबाईंच्या हाताखाली शिकली. आधी घरात पावणा आला की आत पळायची. आता ब्यांकेत जाऊन सायबासंगं भांडती." तिनं कागदाची घडी केली आणि टेबलावर ठेवली. "म्या सही करत न्हाई."

सगळे तिच्या मागून उठले असं झालं नाही. काहींनी सह्या केल्या नाहीत, बऱ्याच जणांनी केल्या. केल्या त्यांनाही पोरांचीच काळजी होती.

सोमवारी सकाळी शटर उचललं तर कोपऱ्यावर नुसते बांबू होते. मी शाळेत गेलो.

"मीच महापालिकेला कळवलं," विजयसिंह सर म्हणाले. "रीतसर."

"बरं केलंत."

"राग नाही आला?"

"फोटो हुता तवा तुमी हात लावला न्हाई. आता लावलात, म्हणजे वाचलात. दुसरा छापायला टाकतो."

"किती वेळा लावणार, काका?"

"तुमी किती वेळा काढणार?"

मी बाहेर पडलो तर जिन्यापाशी पूर्णिमा बाई थांबलेल्या होत्या. श्यामलाच्या जागी त्यांना घेतलंय. वय लहान, नोकरी अजून कायम नाही. त्यांनी इकडंतिकडं बघितलं.

"काका, परत लावणार आहात ना? मग एक नियम बदलाल? उशीर माफ आहे, ते ठेवा. पण उशिरा आलेल्यानं बुडालेलं शेजारच्याकडून समजून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी ते वर्गाला आपल्या भाषेत सांगायचं. राजनंदिनीला मी तसं करायला लावलंय. बंद दाराआड. ती फार छान सांगते."

मला एकदम राग आला. श्यामलाचे शब्द होते ते. ती गेली, आणि तिचं जे उरलं होतं त्यातलंही आता एक वाक्य जाणार.

"ती नियम बदलायची न्हाई," मी म्हणालो.

"बदलायच्या," पूर्णिमा बाई म्हणाल्या. "मी त्यांच्याच वर्गात होते. माझ्या वेळेला हसण्याचा नियम नव्हता. मला पोरं हसली, म्हणून त्यांनी तो वाढवला."

मी खिशातून कागद काढला. जिन्याच्या कठड्यावर ठेवून त्यांचं वाक्य उतरून घेतलं.

"तुमचं नाव घालू?"

"नको, काका. सध्या नको."

मी ज्ञानूकडं गेलो. त्यानं कंप्युटर चालू केला, जुनी फाइल काढली आणि मी सांगेन तसं वाक्य बदलत गेला. मग थांबून परत वाचून बघितलं.

"काका, हे काकूंचं वाटत न्हाई."

"न्हाई," मी म्हणालो. "छाप."