थोटी बोटं

ओळख परेडला जाताना नागुबाईनं ठेवणीतलं हिरवं पातळ नेसलं. सून नीलम म्हणाली, "आत्ती, लग्नाला न्हाय, जेलात चाललाय तुम्ही." पण नागुबाईला त्या दिवशी कुणाचंच ऐकायचं नव्हतं. तिच्या कमला आक्काला ज्यानं अंथरुणाला खिळवलं, त्याला ती बोट दाखवून अडकवणार होती. एवढ्या कामाला धड लुगडंसुद्धा नेसायचं नाही म्हणजे काय!

तीन आठवड्यांमागं, भर दुपारी, निपाणीतल्या त्यांच्या गल्लीत एका मोटारसायकलवाल्यानं मागून येऊन आक्काच्या गळ्यातलं मंगळसूत्र हिसकलं होतं. आक्का आपटली ती खुब्याचं हाड मोडूनच. आक्का तंबाखूच्या व्यापाऱ्याची बायको, नागुबाई बिडी वळणारी. पण समोरासमोरच्या दारात तीस वर्षं काढली की असले हिशोब कोण ठेवतो? त्या वेळी नागुबाई सूप मांडीवर घेऊन उंबऱ्यात बिड्या वळत बसली होती. बघणारी तेवढी एकटीच. सूप फेकून तीच आधी धावली.

पोलिसांनी विचारलं, चेहरा कसा होता? तिला काही केल्या आठवेना. झोप उडाली बिचारीची. डोळ्यांदेखत झालं आणि तोंड सांगता येईना, म्हणून स्वतःवरच चिडायची.

तिसऱ्या दिवशी फोननं तिची अडचण सोडवली. गल्लीच्या ग्रुपवर एक फोटो आला. कुठल्याशा जत्रेतला, कपाळभर भंडारा माखलेला, हसणारा पोरगा. खाली लिहिलेलं: 'हाच तो चोर. पुढे पाठवा.' सौरव त्याचं नाव, नंदगडकडचा, पार्सलं पोचवायचं काम करायचा. त्या दिवशी गल्लीत येऊन गेला होता, हा त्याचा गुन्हा. लोकांनी त्याला स्टँडजवळ गाठून बदडला आणि मग पोलिसांच्या हवाली केला. फोटो नीलमनं दाखवला, नळावर बायकांनी दाखवला, वळलेल्या बिड्या जमा करायच्या शाखेत दाखवला. नागुबाई प्रत्येक वेळी "व्हय, ह्योच" म्हणायची, आणि प्रत्येक वेळी थोडं जास्त जोरात. बेळगावला निघाली तोवर तो भंडाऱ्याचा हसरा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर मोटारसायकलवर पक्का बसला होता.

जेलात दहा पोरं एका ओळीत उभी होती. सारखीच अंगलट, सारखंच वय. तहसीलदारसाहेब म्हणाले, "घाई नाही, बाई. त्या दिवशी पाहिलेला माणूस यात असेल, तर त्याला हात लावा."

नागुबाई अजिबात चाचरली नाही. थेट चौथ्यापाशी गेली आणि त्याचं मनगट धरलं. आणि घोळ झाला तो इथंच.

चाळीस वर्षं तिची नजर माणसांच्या बोटांवर बसलेली. शाखेत कुणाचीही बिडी हातात घेऊन ती कुणाच्या हातची ते सांगायची. सवयीनं आताही नजर खाली गेली. लांबसडक बोटं होती, पाचच्या पाच धड.

आक्काच्या गळ्याशी आलेला हात असा नव्हता. त्या हाताची दोन बोटं पेरापासून तुटकी होती. रस्त्यावर आक्काला उचलताना ती स्वतःच ओरडली होती, "थोटी बोटं हाईत मेल्याची!" हे तीन आठवडे कुठं गेलं होतं?

तिनं वर बघितलं. पोराच्या ओठाला टाके होते, लोकांनी घातलेल्या माराचे. नाही म्हणावं, तर आक्काला काय तोंड दाखवायचं? गल्ली दारात उभी करणार नाही. व्हय म्हणून गप घरी गेलं, तर कुणाला काय कळणार होतं?

"हाच ना?" साहेबांनी विचारलं.

"न्हाय, साहेब. ह्यो त्यो न्हवं."

"मग हात का लावला?"

"ह्येचं तोंड मी फोनात बघितलंतं. चोराचं तोंड मला दिसलंच न्हाय. मी त्याचा हात बघितलाता. लिवा तसं."

साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं आणि तसंच लिहून घेतलं.

ती निपाणीत उतरायच्या आधीच बातमी पोचली होती. नीलम दारातच रडत उभी. नागुबाई घरात शिरलीच नाही, तशीच समोर गेली. आक्काच्या नवऱ्यानं, पद्मराजअण्णांनी दार उघडलं. नेहमीसारखं 'ये गं' म्हणाले नाहीत. दिवस मावळायच्या आत जेवण उरकून आक्का पडली होती. तोंड भिंतीकडं.

"खरंच न्हवता त्यो?" आक्कानं तसंच पडून विचारलं.

"न्हवता, आक्का. त्येची बोटं धड हाईत."

आक्कानं चादर खांद्यावर ओढून घेतली. नागुबाईला वाटलं, संपलं सगळं. मग आक्का म्हणाली, "त्यो मागनं आलता गं. मला तोंड दिसंलच कसं? तरी फोटो बघून मीबी पोलिसांस्नी ह्योच म्हणून सांगितलंय." तिनं कष्टानं अण्णांकडं मान वळवली. "अहो, उद्या पोलिसांस्नी बोलवा. मला बोलायचंय."

नागुबाईला भडभडून आलं. डोळे पुसताना उशाशी पडलेल्या आक्काच्या फोनवर तिची नजर गेली. ग्रुप उघडाच होता. नातीच्या बारशातला नागुबाईचाच फोटो, ह्याच हिरव्या पातळातला, तोंडभर हसणारा. खाली लिहिलेलं: 'फितूर साक्षीदार. हिला ओळखून ठेवा. पुढे पाठवा.'

तिनं फोन जवळ घेऊन तो चेहरा नीट न्याहाळला. आणि क्षणभर तिला खरंच वाटलं, ही बाई लबाड दिसतेय.