डाव्या हाताचे एकसष्ट गुण

मी एक जुना बोलिंगचा चेंडू आहे. मित्रांनो, क्रिकेटच्या चेंडूशी माझी गल्लत करू नका. मी सहा किलोचा आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या व्हर्नाने मला विकत घेतलं आणि बावीस वर्षं दर गुरुवारी बाटलीच्या आकाराच्या दहा-दहा लाकडी पिना आडव्या करायला लावल्या. टाळ्या तिला मिळायच्या, पण निम्म्या मी आपल्याच समजायचो.

एका बुधवारी तिने औषधाच्या दुकानात फ्लूची लस घेतली. डाव्या कुशीवर झोपते म्हणून उजवा हात पुढे केला. सुई खांद्यावर फार वर टोचली गेली. गुरुवारी तिला मला उचलताच येईना.

"काय गं, आज डाव्या हाताने?" आमच्या संघाची गुणवही लिहिणाऱ्या डेल्मरने विचारलं.

"कालच्या सुईने खांदा धरलाय. जाईल उद्यापर्यंत."

एकसष्ट गुण झाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुखणं काही गेलं नाही. पण आमच्याकडची माणसं दुखणं सांगायला भारी लाजतात. महिन्याने डॉक्टरने "कशी आहेस?" विचारलं, तर ही म्हणाली, "मजेत." त्याने तसंच लिहिलं. पुढे हात खांद्याच्या वर जाईना, मोठी पातेली उचलवेनात, नोकरीवर गदा आली. मी कपाटात धूळ खात पडलो.

शेवटी डेल्मरने तिला एका वकीलबाईंकडे नेलं.

"टोचणाऱ्या पोरीवर खटला? नको बाई. माझ्या हातचं जेवून मोठी झालीय ती."

"तिच्यावर नाही हो. लसीने इजा झाली तर भरपाई सरकारच्या निधीतून मिळते. पण दुखणं दोन दिवसांत सुरू झालं हे दाखवावं लागेल, आणि डॉक्टरांच्या कागदावर तुम्ही ठणठणीत आहात."

डेल्मर उठला आणि गाडीतून गुणवही घेऊन आला. दर गुरुवारी दीडशेच्या वर गुण, त्या गुरुवारी एकसष्ट. शेजारी त्याच्याच अक्षरात शेरा: 'डावा हात. कालच्या सुईने खांदा दुखतो.'

दीड वर्षाने दावा मान्य झाला. खांद्याचं ऑपरेशन झालं. यंदाची लसही तिने घेतली, "जरा खाली टोच गं," असं सांगून. काल तिने मला उजव्या हाताने उचललं, कमरेपर्यंतच.

मित्रांनो, दुखलं तर त्याच दिवशी सांगा आणि लिहून घ्यायला लावा. व्हर्नाचं नशीब, की डेल्मरला सगळं लिहून ठेवायची खोड आहे.