आठवं रिफ्रेश

आमच्या मामाचा गाद्यांचा कारखाना आहे. ऑफिसात भिंतभर पडदा, त्यावर विक्री करणाऱ्या सगळ्यांची नावं, वर्षभरात कोणी किती माल विकला त्या क्रमाने. तो पडदा मी सांभाळते. मामाने सॉफ्टवेअरचा सगळ्यात स्वस्त प्लॅन घेतलाय, त्यात आकडे दिवसाला आठदाच रिफ्रेश होतात. नवव्यांदा बटण दाबलं की सरळ नकार, उद्या या. मोठा प्लॅन घ्या म्हणून मी जीभ झिजवली. मामा म्हणाला, आठ पुष्कळ झाले.

आणि नियम काय, तर महिनाअखेरीला ऑफिस बंद होताना जो तळाशी, तो घरी. आकडा हाताने घालायचा नाही, पडद्यावर दिसेल तेच खरं. पहिल्या नंबरावर नवं नाव चढलं की सगळ्यांनी उठून टाळ्या वाजवायच्या. पोरकटपणा नुसता.

या महिन्यात तळाला माझी थोरली बहीण होती. ताईचा पाय प्लास्टरमध्ये, भावोजी अंथरुणाला खिळलेले, आणि दोघं राहतात कारखान्याच्या वरच्या खोलीत. नोकरी गेली की खोलीही गेली. त्या खोलीवर मामाच्या जावयाचा डोळा. त्याला तिथे केबिन हवं होतं म्हणे. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय!

शेवटच्या दिवशी दुपारी ताईचा फोन आला. एका मोठ्या हॉटेलने सगळ्याच्या सगळ्या गाद्या तिच्याकडून घेतल्या होत्या. मी म्हटलं, मोबाइलवरून ऑर्डर भर, आठवं रिफ्रेश तुझ्यासाठी राखून ठेवलंय. जावई माझ्या मागेच उभा होता. लगेच दोन पाहुण्यांना पडद्यासमोर घेऊन आला, बघा आमचे आकडे कसे ताजे होतात म्हणाला, आणि माझ्या खांद्यावरून हात घालून बटण दाबलं. ताईची ऑर्डर त्यानंतर चढली. मेल्याने मुद्दाम केलं, मला खात्री आहे.

ताई कुबडी टेकत आली आणि सही-शिक्क्याचा कागद मामासमोर धरला. हातच्या कांकणाला आरसा कशाला? पण मामाला आरसाच हवा होता. कागद त्याने नीट वाचला, घडी घालून तिला परत दिला.

"खरं आहे गं. पण पडद्यावर नाही ना."

"मामा, सकाळी दिसेल."

"निकाल आज असतो. सकाळी खोली रिकामी कर."

मी भांडले, नको नको ते बोलले. मामा चहा पीत राहिला. हमाल तर जावयाने आधीच सांगून ठेवले होते.

सकाळी पहिलं रिफ्रेश आपोआप झालं. ताईचं नाव तळातून थेट वर. नियमाप्रमाणे सगळे उठून टाळ्या वाजवायला लागले. मामानेही वाजवल्या, मग मान वर करून नाव वाचलं आणि मला म्हणाला, त्या ऑर्डरवर जावयाचं नाव घाल. ज्याच्या हाती ससा तो पारधी. त्यालाच घालू दे म्हटलं आणि बाहेर पडले.

जिन्यात हमाल भावोजींना खुर्चीसकट खाली आणत होते. मागे ताई, काखेत कुबडी, हातात औषधांची पिशवी.

"टाळ्या कसल्या गं? कोण आलं पहिलं?"

"तू."

ती पायरीवर तशीच उभी राहिली. खालून जावई म्हणाला, वाट अडवू नका. ताई बाजूला सरकली.