डाव्या नळाचं गरम पाणी

मी एक जुनं बेसिन आहे. स्टीलचं, दोन नळांचं, एका काठाला पोचा आलेलं. सध्या माझा मुक्काम फिलिपीन्समधल्या सुबिकच्या जहाज-दुरुस्तीच्या यार्डात, मागच्या भिंतीशी, गंजक्या पाइपांच्या ढिगावर आहे. माझे नळ कुणीतरी काढून नेले. माझी जाळी पानांनी बुजली आहे, त्यामुळे साचलेलं पाणी तसंच राहतं. चिमण्या येतात, पितात आणि उडून जातात. हात मात्र कुणाचा येत नाही. आता बेसिनकडे हातच आले नाहीत, तर त्याने दिवस काढायचे कसे? म्हणून बोलतो आहे. ऐका मित्रांनो, नाहीतरी या ढिगावर माझं ऐकायला दुसरं कोण आहे?

माझा जन्म एका कारखान्यात झाला. सपाट पत्रा होतो मी. मोठ्या यंत्राने असा काही रट्टा दिला, की पोट आत गेलं ते कायमचंच. मग घासूनपुसून मला चकचकीत केलं आणि माझ्या चाळीस भावंडांबरोबर एका नव्या प्रवासी जहाजावर पाठवलं. जहाजाचं नाव सांगत नाही, त्या बिचाऱ्याचा काय दोष! आम्हा सगळ्यांच्या मनात एकच जागा होती, वरच्या भोजनगृहाचं दार. तिथे पाहुणे जेवायला आत जाण्याआधी हात धुतात. पांढऱ्या कोटातला एक माणूस दारात उभा राहून गाणं म्हणत त्यांना बोलावतो, पाहुणे हसतात, फोटो काढतात. ती जागा माझ्या एका भावाला मिळाली. मी गेलो खाली, अगदी तळाला, लाँड्रीत.

तिथे खिडकी नव्हती. दिवसभर वाफ, मशीनची घरघर आणि तीन हजार पाहुण्यांच्या चादरी. सुरुवातीला मी फार हिरमुसलो, खोटं कशाला बोलू? पण मला बसवलं होतं ते इस्त्रीवाल्यांच्या टेबलाशेजारी, आणि तिथे मला देल्फिन मानोंग भेटले.

पन्नाशीचा माणूस, फिलिपीन्सच्या उत्तरेचा, लाओआगकडचा. मानोंग म्हणजे त्यांच्याकडे थोरला भाऊ, म्हणून सगळी लाँड्री त्यांना मानोंग म्हणायची. उजव्या मनगटावर इस्त्रीने भाजल्याची पांढरी खूण होती. कप्तानाच्या शर्टाची कॉलर त्यांच्याशिवाय कुणाला जमायची नाही. त्यांच्या गावाकडे सगळे एक गोष्ट मानतात. कामाने तापलेल्या हातांवर गार पाणी घ्यायचं नाही. घेतलं, तर पास्मा होतो. हात थरथरायला लागतात, शिरा फुगतात, तळव्यांना घाम सुटतो. मानोंगांची आई जन्मभर लोकांचे कपडे धुवून आणि इस्त्री करून जगली. म्हातारपणी तिच्या हातातला पेला ओठांपर्यंत पोहोचेस्तोवर निम्मा सांडायचा. यात खरं किती ते मला ठाऊक नाही. मी बेसिन आहे, डॉक्टर नाही. पण मानोंगांनी तो पेला सांडताना पाहिला होता, आणि जहाजाची नोकरी सगळी हातांवर होती. हात थरथरला की घरी.

म्हणून ते हात थोडे निवू द्यायचे, आणि मग नेहमी माझा डावा नळ आधी सोडायचे. डावीकडे गरम पाणी यायचं. बोटांच्या बेचक्या, नखं, अंगठ्यांची मुळं, सगळं साबणाने चोळायचे, आणि चोळता चोळता लग्नातलं कुठलंसं गाणं दोनदा गुणगुणायचे. ते गाणं मला पाठ झालं होतं. एकदा लाँड्रीचे साहेब पाहणीला आले, तेव्हा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "लाँड्रीतलं हे बेसिन वरच्यापेक्षा स्वच्छ आहे." त्या दिवशी मला भोजनगृहाच्या दाराची आठवणसुद्धा झाली नाही.

मग माझा डावा नळ बिघडला. बिघडला म्हणजे काय, आतली एवढीशी रबरी चकती झिजली. वायसर म्हणतात त्याला. पाणी ठिबकायला लागलं. एक माणूस आला, त्याने खालचा कॉक बंद केला, नळाला पिवळी पट्टी गुंडाळली आणि येतो म्हणून गेला. मानोंगांनी दुरुस्तीसाठी चिठ्ठी दिली. दोन महिन्यांनी आणखी एक दिली. वरच्या मजल्यावर पोहण्याचे तीन तलाव होते, एक कारंजं होतं, त्यातली एक टाइल हलली तरी धावपळ व्हायची. तळातल्या एका वायसरसाठी कोण धावतो?

इस्त्रीवाल्यांनी एकेक करून माझ्याकडे यायचं सोडलं. गार पाण्याला हात लावायला कुणी धजेना. साहेबांनी त्यावर उपाय काढला. भिंतीवर हातांना चोळायच्या जंतुनाशक जेलची डबी लावली आणि तिच्याखाली, बरोब्बर माझ्या डोक्यावर, हसऱ्या चेहऱ्याचं चित्र चिकटवलं. त्यावर लिहिलं होतं, हात धुवा. इस्त्रीवाले येता-जाता जेलची पिचकारी तळव्यावर मारायचे आणि पुढे जायचे. माझ्यात कुणी फडकं ठेवलं, कुणी साबणाचा रिकामा कॅन ठेवला. मी फळी झालो. आजूबाजूला पस्तीस-चाळीस माणसं वावरायची, आणि दोन वर्षांत एकानेही नळ सोडून पाहिला नाही. एकटेपणा म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

माझी दुपार तेवढी चांगली जायची. दोन वाजता मिरासोल यायची. ही मानोंगांची मुलगी. सातव्या मजल्यावर पाहुण्यांच्या खोल्या आवरायची. बापलेक एकाच जहाजावर, पण भेट एवढीच, वीस मिनिटांची. आली की ती आधी बापाचा हात हातात घेऊन कपाळाला टेकवायची. थोरामोठ्यांना भेटण्याची त्यांच्यात तशी रीत आहे. मग दोघं इस्त्रीच्या टेबलाच्या कडेला बसून जेवायची. मानोंग खारवलेल्या माशाबरोबर भाताचा घट्ट घास वळून तिला भरवायचे. बापाला ती तातांग म्हणायची. म्हणायची, तातांग, मी आता एका पोराची आई आहे. पण तोंड उघडायची.

त्या पोराचं नाव आंबो. चार वर्षांचा, आजीजवळ राहायचा. मिरासोलने त्याला नऊ महिने पाहिलं नव्हतं. आणि त्या मोसमात आमचं जहाज एकदाच मनिलाला लागणार होतं, त्या दिवशी घरच्यांना चार तास जहाजावर येऊ देणार होते. आजीने आंबोचं पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलीने रेघ ओढली होती आणि तो कागद पाकिटातून धाडला होता. त्या मापाने मिरासोलने निळे बूट घेतले. तिच्या खोलीत चौघीजणी, ठेवायला जागा नाही, म्हणून खोकं मानोंगांच्या फळीवर ठेवलं होतं. रोज जेवण झालं की ती खोकं उघडायची, बूट त्या कागदावर ठेवून बघायची आणि परत बंद करायची. त्या आठवड्यात तिने दिवस मोजायला सुरुवात केली. आठ राहिले, सात राहिले.

सहा राहिले तेव्हा पाहुण्यांमध्ये उलट्या-जुलाबाची साथ पसरली. लाल पिशव्या खाली यायला लागल्या. आजारी माणसांच्या चादरी त्यात बांधून पाठवतात, म्हणजे वेगळ्या धुतल्या जातात. माणसं कमी पडली, तेव्हा मानोंग इस्त्री सोडून पिशव्या मशीनमध्ये टाकायला लागले. हातमोजे घालायचे, पिशव्या टाकायच्या, मोजे काढायचे, जेलची पिचकारी मारायची आणि पुन्हा इस्त्री. मी बघत होतो. त्या ओल्या मोज्यांना बोटं लागत होती, हे मला दिसत होतं. पण सांगायला मला तोंड कुठे आहे? दुपारी दोनला मिरासोल आली. तिने बापाचा हात कपाळाला लावला. मानोंगांनी घास वळला, तिने तोंड उघडलं.

तीन दिवस राहिले असताना मिरासोल आजारी पडली. तिला एका बिनखिडकीच्या खोलीत वेगळं ठेवलं. उलट्या थांबल्यावरही पुरे दोन दिवस बाहेर यायचं नाही, असा जहाजाचा नियम होता. मनिला त्या मुदतीच्या आतच येत होतं. मानोंगांना काहीच झालं नव्हतं. ते इस्त्री करत राहिले, आणि त्या दिवशी कप्तानाच्या शर्टाला त्यांच्या हातून पहिल्यांदा दुहेरी घडी पडली.

दुसऱ्या दिवशी सिस्टर सोकोरो खाली आल्या. जहाजाच्या दवाखान्यातल्या, मानोंगांच्याच देशातल्या इलोइलोच्या. साथ कुठून कुठे गेली ते शोधत होत्या.

"मिरासोलच्या खोल्यांत एकही पाहुणा आजारी नाही, मानोंग," त्या म्हणाल्या. "मग तिला झालं कुठून? लाल पिशव्या कोण टाकतं?"

"मीच टाकतो. मोजे घालून."

"आणि मोजे काढल्यावर?"

मानोंगांनी भिंतीवरच्या डबीकडे बोट दाखवलं. सिस्टर म्हणाल्या की पोटाच्या या आजाराचे जंतू जेलला दाद देत नाहीत, साबण आणि पाणीच लागतं. मग त्यांनी मानोंगांच्या तापलेल्या तळव्यांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"पास्माची भीती का? माझी आजीसुद्धा इस्त्रीनंतर पाण्याला हात लावायची नाही."

मानोंगांनी मान हलवली. आता व्याख्यान होणार, असं मला वाटलं. याआधी साहेबांनी दोनदा दिलं होतं, अडाणीपणावर. पण सिस्टरनी माझ्यातलं फडकं उचललं, कॅन बाजूला ठेवला आणि उजवा नळ सोडला. गार पाणी. मग त्यांचं बोट पिवळ्या पट्टीवर आलं.

"आणि हा?"

"दोन वर्षं झाली. चिठ्ठी दिली होती. दोनदा."

सिस्टरनी पट्टीवरची धूळ बोटाने पुसली. मग त्यांनी माझ्या शेजारच्या भिंतीवरचा फोन उचलला. माणूस आला, पट्टी सोडली, वायसर बदललं. घड्याळ माझ्या समोरच होतं. अकरा मिनिटं लागली, मित्रांनो. दोन वर्षं मी ज्यासाठी वाळत पडलो होतो, ते काम अकरा मिनिटांचं होतं.

सगळे गेल्यावर मानोंगांनी डावा नळ सोडला. वाफ वर आली. ते हात धुवायला लागले आणि धुता धुता रडायला लागले. "मीच दिला तिला," ते म्हणत होते. "भरवून दिला." ते मला सांगत होते की स्वतःला, कोण जाणे. मला त्यांना सांगायचं होतं की सगळा दोष तुमचा नाही, माझा नळ बंद होता. पण माझ्याकडे फक्त पाणी होतं, ते मी दिलं.

मनिला आलं. साथीमुळे घरच्यांना जहाजावर यायला बंदी झाली होती. जे धडधाकट होते, त्यांना तासभर धक्क्यावर उतरायची परवानगी होती. आपल्या नावाचा पुकारा होईपर्यंत मानोंग इस्त्री करत होते. पुकारा झाला तेव्हा त्यांचे हात तापून लाल झाले होते. एरवी अशा हातांनी ते अर्धा तास पाण्याच्या वाऱ्यालाही उभे राहिले नसते, गरम असो की गार. त्या दिवशी सरळ माझ्याकडे आले. साबण लावला, ते लग्नातलं गाणं दोनदा म्हटलं. खोक्यापर्यंत गेले, परत आले आणि पुन्हा पहिल्यापासून धुतले. मग खोकं काखोटीला मारून गेले.

सव्वा तासाने परतले तेव्हा काखेत खोकं नव्हतं. त्यांनी भिंतीवरचा फोन उचलून मिरासोलच्या खोलीचा नंबर फिरवला. तिचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं. मला ऐकू आलं ते मानोंगांचं.

"हो, आला होता गं. तुझी आई पण. उंच झालाय." मग थोडं थांबून, "बूट? लहान होतात त्याला. टाच आत जात नाही." मग बराच वेळ ते नुसते ऐकत राहिले. "नाही गं, काढले कुठे. टाचा दुमडून तसाच फिरत होता सगळ्या धक्क्यावर. आजीने काढायला लावले तर म्हणतो, माझ्या आईने आणलेत."

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि त्याने माझा हात कपाळाला लावला. मी आधी मागे घेतला, मग दिला." ते आपल्या तळव्याकडे बघत होते. "धुतला होता, पोरी. साबणाने, दोनदा धुतला होता."

पुढे कितीतरी वेळ ते फोन धरून उभे होते. पलीकडून काय आलं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यानंतर इस्त्रीवाले सगळे माझ्याकडे परतले. मानोंग आणखी तीन वर्षं होते, मग घरी गेले. हात थरथरला नव्हता त्यांचा, हे मी खात्रीने सांगतो. पुढे जहाज दुरुस्तीला इथे आलं, माझ्या जागी हात दाखवला की आपोआप पाणी सोडणारं नवं बेसिन बसलं, आणि मी या ढिगावर आलो. आता ते गाणं मीच मनातल्या मनात म्हणतो. दोनदा.

मित्रांनो, हात धुवा म्हणून सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. त्यांचं ऐका. जेवणाआधी, आजाऱ्यापासून उठल्यावर, साबण लावून, घाई न करता धुवा. पण माझं मागणं थोडं वेगळं आहे. तुमच्या शाळेत, दवाखान्यात किंवा घरात एखादं बेसिन कोरडं पडलेलं दिसलं, तर माणसांना नावं ठेवण्याआधी त्याच्यापाशी जा आणि नळ सोडून बघा. पाणी आलं नाही, तर का येत नाही ते विचारा, आणि येईपर्यंत विचारत राहा. त्या दोन वर्षांत कुणी एकाने माझा डावा नळ सोडून पाहिला असता आणि पाणी येईपर्यंत पिच्छा पुरवला असता, तर ते निळे बूट आंबोच्या पायात त्याच्या आईने घातले असते.