तिसऱ्या प्रकरणातला शालिकराम

मी कादंबरी लिहिताना माणसांची खरी नावं वापरते आणि छापायला देण्याआधी बदलते. आधीच नाव बदललं की माणूस माझ्याशी बोलायचा थांबतो, त्याला मी काय करणार? बाबा असताना म्हणायचे, चारुशीला, या सवयीपायी एक दिवस तू तोंडघशी पडशील.

तो दिवस नोव्हेंबरात उजाडला. शालिकराम काकाजींची बायपास सकाळी दहाला होती, धंतोलीतल्या एका दवाखान्यात. नरखेडकडच्या त्यांच्या गावात बाबा मास्तर होते. काकाजी आणि रुखमाबाई काकूंना मूलबाळ नाही, त्यामुळे मी त्यांच्याच संत्र्याच्या बागेत वाढले. काकाजींनी आधी दोनदा ऑपरेशन टाळलं होतं. तोडा होऊ दे, फळं जाऊ दे बाजारात, मग पाहू, असं म्हणायचे. या खेपेला डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, आता टाळलंत तर पुढचा तोडा पाहायला तुम्ही नसाल. तरी संमतीपत्रावर सही झाली नव्हती.

आणि सकाळी चहा गाळताना मला आठवलं. बागेचे तपशील तपासायला मी काकाजींना तेवीस प्रकरणांतली पहिली पाच दिली होती. त्यातलं तिसरं काढून घ्यायचं ठरवलं होतं आणि ते मी काढलंच नव्हतं. तिसऱ्या प्रकरणात शालिकराम मरतो. नाव तेच, बाग तीच, छातीतली कळही तीच.

चहा ओट्यावर तसाच ठेवून मी स्कूटर काढली. रहाटे कॉलनीच्या चौकात सिग्नलला उभी असताना स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की शेजारचा ऑटोवाला वळून बघायला लागला. मनानं घेतलं की घेतलं, असा हा माणूस. स्वतःचं मरण छापील अक्षरात वाचलं तर तो उठून सरळ गावाकडची एस.टी. पकडेल, याची मला खात्री होती.

तिसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा ते पलंगावर बसून वाचत होते. नाकावर चष्मा, हातात पेन्सिल. काकू शेजारी स्टुलावर होत्या, मांडीवर काकाजींच्या चपलांची पिशवी. संमतीपत्र उशीखाली दाबलेलं होतं. मी हसून म्हटलं की ते जुनं बाड आहे, द्या इकडे, नवीन आणून देते. हात पुढे केला तर त्यांनी कागद छातीशी धरले.

"वीस पाठ बाकी हायेत," ते म्हणाले. "मले तिसऱ्यातच काहून मारलं वं?"

मला रडूच आलं. म्हटलं, बदलते काकाजी, आजच बदलते, शेवटच्या पानापर्यंत जिवंत ठेवते, तुम्ही फक्त सही करा.

"मंग तुह्या पुस्तकातल्या त्या पोरीचं काय? मी असलो तं ते घराबाहेर निंगणारच नाही. मेलेल्याले उठवू नको, पुस्तक बिघडते." माझ्या संपादकाला हे कळायला दोन महिने लागले होते. मग त्यांनी एका ओळीवर पेन्सिल टेकवली. "तोड्याची वाट पाहून राहिला अन् गेला, हे बराबर लिवलं. पण त्याच्या बायकोले फोनवर सांगते तुहा माणूस? बरी खबर फोनवर चालते. वाईट खबर घेऊन चालत जा लागते."

ती ओळ त्यांनी खोडली. मग उशीखालचा कागद काढला, माझ्याकडून पेन मागितलं आणि सही केली. काकू सगळं ऐकत होत्या.

दहाला त्यांना आत नेलं. वर एकालाच थांबू देत होते. डॉक्टरांचं बोलणं मला समजत नाही, तू थांब, असं म्हणून काकू खाली औषधाच्या दुकानाजवळच्या बाकावर जाऊन बसल्या. अकरा वाजले, बारा वाजले. एक वाजता नर्स रक्ताच्या पिशव्या घेऊन धावत आत गेली. तिसरं प्रकरण लिहिताना मी किती खुशीत होते, तेच सारखं आठवत होतं.

तीनला डॉक्टर बाहेर आले. मध्ये जरा कठीण गेलं म्हणाले, पण आता धोका नाही.

मी धावत सुटले. लिफ्टची वाट न बघता तिन्ही जिने उतरले. काकूंनी मला दारातून येताना पाहिलं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की फोन माझ्या हातातच आहे आणि मी खबर घेऊन पायी आले आहे.

कादंबरीत मी शालिकरामच्या बायकोला दीड पान छाती पिटायला लावली होती. काकूंनी आवाजसुद्धा केला नाही. त्यांनी पिशवीतून चपला काढल्या, आपल्या पायांशी जोडीनं ठेवल्या आणि पदराच्या टोकानं त्यांच्यावरची धूळ पुसली. आधी डावीवरची, मग उजवीवरची.

मी लगेच सांगायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं. मी सांगितलं नाही, मी बघत राहिले. दुसरी चप्पल पुसून होईपर्यंत मी बघत राहिले, आणि मगच म्हटलं, "काकू, वाचले काकाजी."

त्यांनी चपला परत पिशवीत घातल्या.

"मंग फोन काहून नाही केला वं?"

घाईत विसरले, असं मी सांगितलं. ते निम्मं खरं होतं.

काकाजी आता बागेत फिरतात, आणि मी तिसऱ्याच पाठात मेलो, असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐटीत सांगतात. कादंबरीत तो माणूस मेलेलाच आहे. दीड पान मी काढून टाकलं, तिथे आता चपला आहेत. संपादक म्हणतात, पुस्तकातलं सगळ्यात चांगलं पान तेच. नावं सगळी बदलली आहेत. पण ते पान काकूंना वाचून दाखवायची हिंमत मला अजून झालेली नाही.