टाका घातलेली कार्डं

मित्रांनो, मला जरा ओढून पाहा. आलो नाही ना बाहेर? आता दोन्ही हातांनी ओढा. राग मानू नका. मी एक जुना लाकडी खण आहे आणि अडून बसणं हा माझा जन्मजात स्वभाव आहे. बंगळूरच्या हवेत सकाळी धुकं असतं, दुपारी ऊन असतं आणि चहाच्या वेळेला पाऊस येतो. लाकडाने फुगावं कधी आणि आक्रसावं कधी? त्यामुळे मला उभ्या आयुष्यात स्वस्थता म्हणून मिळाली नाही.

माझा जन्म एका मोठ्या इस्पितळाच्या आवारात झाला. नोंदणीच्या खोलीसाठी भिंतभर कपाट हवं होतं. उमाजी सुताराने बाकीचे खण चांगले वाळलेल्या सागवानाचे केले. माझ्या वेळी लाकूड कमी पडलं, तेव्हा त्याने ओलसर फळी घेतली आणि म्हणाला, "चालंल, हा स्वल्प रडंल आणि गप बसंल." मी गप्प बसलो नाही. पहिल्या पावसाळ्यापासून कुरकुरतो आहे.

रोगांना नंबर असतात, हे तुम्हांला ठाऊक आहे का? एकाच रोगाला गावोगावी वेगळी नावं असतात. मग कोणत्या देशात कोणता रोग किती, हे कळायचं कसं? म्हणून सगळ्या देशांनी मिळून रोगांची एक यादी केली आणि प्रत्येकाला नंबर दिला. त्या यादीचं जाड पुस्तक आमच्या खोलीत असे. दर थोड्या वर्षांनी नवं पुस्तक येई. त्यातल्या नंबरांप्रमाणे रोग्यांची कार्डं आमच्या पोटात लावली जात.

माझ्या वाट्याला दोनशे चाळीस ते दोनशे पंचेचाळीस हे नंबर आले. परागांमुळे येणाऱ्या शिंका, दमा, ओठ-डोळे सुजणं, अंगावर पित्त उठणं, इसब आणि किरकोळ उरलंसुरलं. हे सारे अॅलर्जीचे रोग. शरीर फुलावर चिडतं, धुळीवर चिडतं, मांजराच्या केसावर चिडतं. त्या बिचाऱ्या वस्तूंनी कुणाचं काही वाकडं केलेलं नसतं. शेजारी गलगंडाचा खण होता, त्याच्याखाली मधुमेहाचा. ते दोघे भारदस्त आणि शांत. उगाच चिडणारी मंडळी मात्र सगळी माझ्याकडे आली, आणि ते मला फार आवडलं.

आमच्या खोलीचे कारकून विठोजीराव. त्यांचे पूर्वज कधीकाळी मराठी फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. घरात पिढ्यान्‌पिढ्या शिंपीकाम. विठोजीराव नोकरीत शिरले तरी कोटाच्या कॉलरमागे सुई-दोरा खोचलेला असायचा. एकाच रोग्याला माझ्यातलेच दोन-तीन रोग असले की ते त्याची कार्डं एकावर एक ठेवून कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्याचा टाका घालत. हे कुठल्या नियमात नव्हतं. साहेब विचारत, "हे काय शिंप्याचं दुकान आहे?" विठोजीराव म्हणत, "भावंडं आहेत साहेब. एका घरात वेगळी कशाला निजवायची?" आणि साहेब हसून निघून जात.

त्या वर्षांत माझा मान होता. बंगळुरात शिंकणारे आणि धापा टाकणारे कमी नाहीत. दिवसातून कितीदा मला ओढत, ढकलत, शिव्या देत. मी कुरकुरत असे, पण मनातून सुखी होतो.

मग एकोणीसशे अडुसष्ट साल उजाडलं आणि नवं पुस्तक आलं. त्यात माझं घरच मोडलं होतं. दमा आणि शिंका आता फुफ्फुसांच्या खणात. पित्त आणि इसब कातडीच्या खणात. रोग कशाने होतो त्यापेक्षा तो कुठे होतो, हे आधी पाहायचं असं ठरलं होतं. विठोजीरावांनी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. मग सुस्कारा टाकून कात्री काढली. टाके कापल्याशिवाय कार्डं वेगळी होणार कशी?

मला काय वाटलं म्हणून सांगू? मला भीती वाटली. रिकामं होण्याची तर वाटलीच, पण त्याहून मोठी भीती चंद्राची होती.

चंद्रा म्हणजे जमनाबाईची मुलगी, नुकती शाळेत जाऊ लागलेली. जमनाबाई रेशीम उकलण्याच्या कारखान्यात कामाला होती. पोरीला आधी शिंका सुरू झाल्या, मग गालावर पुरळ आलं, मग दमा जडला. आमची खिडकी माझ्या अगदी समोर, त्यामुळे मला तिचा श्वास ऐकू येई. माझ्या कुरकुरण्यापेक्षा तो वाईट होता. छातीचे डॉक्टर छातीचं औषध देत, कातडीचे डॉक्टर मलम देत. दोघेही चांगले होते. पण दोघांची दालनं वेगळ्या मजल्यांवर होती. चंद्राची तीन कार्डं एकत्र असायची ती फक्त माझ्या पोटात, एका टाक्यात. आता तो टाकाही जाणार होता.

त्या आठवड्यात पावसाने ठाण मांडलं होतं आणि मी असा काही फुगलो होतो की विठोजीरावांना हलेना. "तुझं शेवटी पाहू," म्हणत त्यांनी बाकीचे खण आधी लावून घेतले.

अशातच एका दुपारी जमनाबाई खिडकीशी आली. पोर तिच्या कडेवर, आणि पोरीच्या काखेत फुलाफुलांच्या अभ्र्याची उशी.

"अण्णा, चंद्राचे कागद काढून द्या. होसकोट्याला भावाकडं पाठवतेय तिला. सगळे म्हणतात इथली हवा सोसत नाही."

"तू पण जाणार?"

"मी कशी जाऊ? कारखाना आहे." तिने पोरीला कडेवर वर सरकवून घेतलं. "माझ्याशिवाय निजत नाही ती. पण श्वास तर घेईल."

विठोजीराव मला ओढू लागले. मी कसला येतोय. तेवढ्यात डॉक्टर त्रिविक्रम काही कामाने आत आले. हे बेळगावकडचे, नव्यानेच रुजू झालेले. दोघांनी मिळून मला असा हिसका दिला की मी निम्मा बाहेर आलो आणि कार्डं जमिनीवर पसरली. चंद्राची तीन कार्डं टाक्यामुळे एकत्रच पडली. डॉक्टरांनी ती उचलली आणि देता देता थांबले.

"पुरळ फक्त उजव्या गालावर आहे," ते म्हणाले. "आणि हे छातीचं कार्ड म्हणतंय, धाप झोपेत लागते." त्यांनी खिडकीतून पोरीकडे पाहिलं. "अक्का, ही कोणत्या कुशीवर निजते?"

"उजव्या. ही उशी लागते तिला. हिच्याशिवाय डोळा मिटत नाही."

"उशीत काय आहे?"

जमनाबाईचा चेहरा उजळला. "रेशीम आहे साहेब. कोशांचा चोथा उरतो ना, तो मालक नेऊ देतात. मी निवडून निवडून भरला. गरिबाची पोर रेशमावर निजते म्हणून सगळ्या बाया हसतात मला."

डॉक्टरांनी खिडकीतून हात घालून उशी चाचपली. मग हळूच म्हणाले, "उशी होसकोट्याला पाठवू नका, अक्का. पोरीलाही नका पाठवू. आधी उशी बदलून पाहू."

जमनाबाईला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ती तिथेच खिडकीबाहेरच्या ओट्यावर बसली. "मीच भरली," ती म्हणाली. "माझ्या हातांनी भरली."

विठोजीराव बाहेर गेले. "तू मऊ म्हणून भरलीस. उगाच चिडणाऱ्या अंगाला ते काय ठाऊक? घरी जुनं लुगडं असेल ना? उद्या घेऊन ये, मी शिवून देतो."

दुसऱ्या दिवशी कॉलरमागची सुई निघाली आणि लुगड्याच्या घड्यांची उशी त्यांनी याच खोलीत शिवली. चंद्रा आधी तिच्याकडे पाठ करून बसली होती. मग अभ्रा तोच आहे असं पाहून तिने ती ओढून घेतली. काही महिन्यांनी ती खिडकीशी पुन्हा आली, ती आईच्या पुढे पळत. तिचा श्वास ऐकायला मी कान टवकारले, पण काहीच ऐकू आलं नाही. इतकं छान मी कधीच काही ऐकलं नव्हतं.

पण मित्रांनो, पुस्तक ते पुस्तक. मला वाटलं होतं, डॉक्टर आता माझी बाजू घेतील. ते म्हणाले, "जगभर एकाच रीतीने मोजायचं तर आपणही तसंच मोजलं पाहिजे, विठोजीराव. कापा टाके." शेवटचा टाका चंद्राचा होता. तो कापताना विठोजीरावांनी दोरा ओढून काढला आणि बोटाला गुंडाळून माझ्यातच टाकला. त्यानंतर माझ्यात पिना, किल्ल्या आणि त्यांचा जेवणाचा डबा राहू लागला. आता तर तेही नाही. एकटा तो दोरा आहे आणि माझी कुरकुर आहे.

म्हणून सांगतो. नवे कारकून, नवे डॉक्टर तुमच्यातूनच होतील. वस्तू खुशाल वेगवेगळ्या खणांत लावा. त्याशिवाय हिशेब लागत नाही, हे आता मलाही पटलं आहे. पण माझ्याकडून गेलेल्या कार्डांच्या कोपऱ्यात सुईची दोन भोकं आहेत. छातीच्या खणात किंवा कातडीच्या खणात तसं एखादं कार्ड हाती आलं, तर ते परत ठेवण्याआधी एवढं विचारा, याची भावंडं कुठे आहेत?