दादाचा अंगठा

परवाना दादाच्या नावावर, पण अकरा वर्षं रिक्षा चालवली मी. मग सरकारने फर्मान काढलं: जुनी मोडीत काढा, तरच विजेच्या रिक्षेला अनुदान आणि नवा परवाना. मुदत आज पाचपर्यंत. मी जेवायला बसलो तेवढ्यात दादा रिक्षा घेऊन भंगारवाड्यात गेला. नवी रिक्षा त्याचा जावई चालवणार, हे मला वहिनीच्या तोंडून कळलं. माझं डोकंच फिरलं. मी काय त्यांच्या ताटाखालचं मांजर आहे?

मी पोचलो तेव्हा पाच वाजायला वीस मिनिटं होती. गॅसकटरवाल्याने रिक्षेच्या सांगाड्यावरचा नंबर कापून काढला होता. पुरावा म्हणून सरकारला तेवढाच तुकडा लागतो. तो अजून तापलेला होता, म्हणून दादाने फडक्यात धरला होता. तपासणीला आलेले साहेब टेबलावर अंगठ्याचं यंत्र मांडत होते; परवानावाल्याचा अंगठा त्यावर उमटला, तरच अनुदानाची नोंद पक्की.

"हे काय चाललंय, दादा?"

"घरी बोलू."

"घर कुणाच्या जिवावर चाललं, ते इथेच बोलू."

"अरे, जावयाला काम नाही. पोरगी परत येऊन बसेल. तू सडाफटिंग, तुझं कसंही भागेल."

कसंही! मी त्याच्या पोटात गुडघा घातला. त्याने तो तापलेला तुकडा माझ्या गालावर दाबला, कातडी चरचरली. आम्ही दोघेही सांगाड्यावर कोसळलो. हाताला पाना लागला. दादाचा उजवा पंजा पत्र्यावर पसरला होता. त्यावर मी पाना हाणला, एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळी हाड मोडल्याचा आवाज आला आणि, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

कटरवाल्याने मला मागे खेचलं. दादा उठून टेबलाशी गेला आणि चेचलेला अंगठा त्याने यंत्रावर ठेवला. काच लाल झाली. साहेबांनी ती पुसली. दादाने पुन्हा ठेवला. असं चारदा झालं, पण यंत्र काही घेईना.

"डावा चालेल?" मीच विचारलं.

"नोंद उजव्याची आहे," साहेब म्हणाले. त्यांनी घड्याळ पाहिलं, पाचला यंत्र बंद केलं आणि पिशवीत घातलं.

नंबर कापलेली रिक्षा आता रस्त्यावर आणता येणार नव्हती. नवी मिळणार नव्हती. जावयालाही नाही आणि मलाही नाही.

दादा माझ्याकडे वळला. डाव्या हाताने त्याने असा ठोसा लगावला की माझा दात जिभेवर आला. मी हात उचलला नाही.

"घे," तो म्हणाला, "आता काय चालवायचं ते चालव."